झालं आणि झालंच

१

फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एकाच नंबरच्या दोन कुप्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. तोच स्टिकर, तेच काळे आकडे, तीच रेघांची पट्टी. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कुप्या दोनच राहिल्या.

असं व्हायलाच नको होतं. ही नवजात बाळांच्या तपासणीची प्रयोगशाळा. शहरभरातल्या प्रसूतिगृहांतून बाळं इथे येत, त्यांच्या टाचेतून थोडंसं रक्त घेतलं जाई आणि त्या रक्ताला एक नंबर मिळे. कागद बंद करून सगळा कारभार कॉम्प्युटरवर नेल्यापासून बाळाची ओळख म्हणजे तो नंबर. आईचं नाव, पत्ता, फोन, सगळं कॉम्प्युटरच्या पोटात.

आदल्या दिवशी या नंबरचा अहवाल वाईट आला होता. थायरॉइडचं प्रमाण जवळजवळ शून्य. कॉम्प्युटरने दाखवलेल्या घरी फोन गेला, तसा एक बाप बाळाला छातीशी धरून, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धावत आला. पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला अहवाल अगदी स्वच्छ. बाप खुर्चीत कोसळून रडला, मग हसला, मग सगळ्यांवर ओरडला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

पण मग ते आजारी रक्त कुणाचं? या प्रश्नाने मोठ्या डॉक्टरांना फ्रिजपाशी आणलं होतं, आणि उत्तर शेजारी शेजारी उभं होतं. एक कुपी त्या बापाच्या बाळाची. दुसरी अशा बाळाची, ज्याचा कॉम्प्युटरला पत्ताच नव्हता.

त्यांनी फोन लावला तो आत्याला.

आत्या म्हणजे त्यांची आत्या नव्हे. पदार्थविज्ञान शिकलेल्या या बाईने हवामानाच्या एका संशोधन केंद्रात आयुष्यभर पावसापाण्याचे आकडे साठवणारी यंत्रं सांभाळली होती. निवृत्तीनंतर कुठे एखादं यंत्र विसरभोळं झालं की लोक तिला बोलवत. तिचा सख्खा भाचा याच प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळायचा. तो आत्या म्हणायचा म्हणून सगळेच म्हणत.

"त्या बाळाला रोज एक चिमुकली गोळी हवी," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या. "आत्ता सुरू झाली तर ते इतर पोरांसारखंच वाढेल. उशीर झाला तर मेंदूची वाढ मागे पडते, ती पुन्हा भरून निघत नाही. दोन माणसं फोनवर बसवली आहेत, पण त्या आठवड्यात जन्मलेली बाळं किती असतील सांगा! निम्मे फोन लागत नाहीत, उरलेले म्हणतात आमचं बाळ छान आहे. दिसायला ते छानच असतं हो. मला ते बाळ हवंय, आत्या."

"यंत्रं माझ्या भाच्याची आहेत. तुम्हाला चालेल?"

"मला चालेल. तुम्हाला?"

"मला? तो बोलायला लागला तेव्हापासून ओळखते मी त्याला," आत्या म्हणाली. "खोटं बोलला तर त्याचे कान आधी लाल होतात."

२

पहिला आळ आला होता तो नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीवर. आवाज बारीक आणि बोलणं भरभर, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. डोळे रडून सुजलेले होते, पण हात रुमालाची घडी नीट घालत होते. आत्याने आधी ती घडी पाहिली. गबाळी मुलगी रडतानाही गबाळीच असते.

"खरेदीचे भाऊसाहेब म्हणतात मी एकच स्टिकर दोनदा छापला," चिमणी म्हणाली. "आणि चूक झाकायला नोंद पुसली. आत्या, मला पुसता येतच नाही हो! माझ्या पडद्यावर पुसायचं बटणच नाही."

"स्टिकर केव्हा निघतो?"

"आईचं नाव भरायचं, प्रसूतिगृह भरायचं, फोन भरायचा, बटण दाबायचं. मग हिरवी पट्टी येते, 'जतन झालं'. त्याशिवाय स्टिकर निघतच नाही. मी डोक्यावर उभी राहिले तरी निघायचा नाही."

"त्या दिवशी काही वेगळं घडलं होतं?"

चिमणीने आठवून पाहिलं. "मध्ये एकदा पडदा गोठला. ते गोल चक्र फिरत बसलं. पण ते काय, अधूनमधून होतंच. मी उठून पाणी पिऊन आले, तोवर सुरू झालं होतं."

"आणि दुसरं?"

"दुसरं काही नाही. भोंगा नेहमीसारखा रडत होता." आत्याला कळलं नाहीसं पाहून ती म्हणाली, "अहो, नाव पुकारणारं यंत्र. 'अमुक नंबर, अमुक बाई, अमुक प्रसूतिगृह, बाळाला घेऊन आत या.' एकाच नावाच्या दोघी असल्या तर गोंधळ नको म्हणून प्रसूतिगृहही सांगतं. पण इतकं संथ, की बाई आत जाऊन बाळाला दुपट्यात गुंडाळते तेव्हा तो तिला हाक मारतो. मी तुमच्या भाच्याला, छोटूदादाला, किती वेळा सांगितलं, याचं काहीतरी करा. ते नुसते हसतात."

आत्या उठली. "चल, फ्रिज दाखव. सगळ्या कुप्या पाहू, नुसती ती एक नको."

कुप्या काढायला चिमणीचे हात सराईत होते. नंबर वाचत वाचत ती एकदम थांबली. मग पुढची कुपी उचलली. मग त्याच्या पुढची. तिचा आवाज आणखी बारीक झाला.

"आत्या, ही पण जोडी आहे. आणि ही. आणि ही. सगळे पाठोपाठचे नंबर."

चिमणीला वाटलं, आता आपण मेलोच. आत्याच्या चेहऱ्यावर मात्र प्रथमच थोडी हुशारी आली होती.

"रडू नकोस. तू सुटलीस," ती म्हणाली. "नोंद कुणी पुसली असती तर तो नंबर रिकामा राहिला असता, आणि यंत्र पुढचा नंबर देत गेलं असतं. जिन्याची पायरी तुटली म्हणून वरच्या पायऱ्या खाली येत नाहीत. इथे यंत्राने तेच नंबर पुन्हा पहिल्यापासून वाटले. म्हणजे आधी वाटल्याचं त्याला आठवतच नव्हतं. कुणी काही पुसलेलं नाही. यंत्र विसरलंय."

"पण यंत्र कसं विसरेल?"

"तेच तर," आत्या म्हणाली. "विसरू नये म्हणूनच ते विकत घेतात."

३

यंत्रांच्या खोलीत पंख्यांचा घोंगावणारा आवाज होता. छोटूला दारातून वाकूनच आत जावं लागे. लहानपणी ठेवलेलं नाव उंचीने केव्हाच खोटं पाडलं होतं, पण नाव काही हलायला तयार नव्हतं.

"हे बघ आत्या," तो म्हणाला, "यंत्र एकच. त्याच्या पोटात चार मानलेली यंत्रं."

"मानलेला भाऊ असतो तशी?"

"अगदी तशी. प्रत्येकाला वाटतं आपणच खरे. एकात बाळांचा डेटाबेस, एकात अहवाल, एकात ईमेल, आणि एकात तो भोंगा. पहिल्या तिघांना मी नव्या, वेगवान डिस्क दिल्या. भोंग्याचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्याच्याकडे नव्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हरच नाही."

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि डिस्क यांच्यातला निरोप्या. इकडची भाषा तिकडे समजावून सांगणारा. तो नसेल तर कितीही चांगली डिस्क लावा, यंत्राच्या लेखी ती भिंतच.

"म्हणून तो बिचारा अजून जुन्या, गोलगोल फिरणाऱ्या डिस्कवर आहे," छोटू म्हणाला. "एकेक अक्षर लिहायला कुथतो."

"आणि तुझा डेटाबेस विसरतो."

छोटू दुखावला. "डेटाबेस विसरत नसतो, आत्या. डिस्कवर उतरल्याशिवाय तो 'झालं' म्हणतच नाही. वीज गेली, यंत्र बंद पडलं, काही झालं तरी. त्यासाठीच तर त्याचा जन्म आहे. आणि वीज गेलेलीच नाही. हा यूपीएस बघ, महिनाभरात त्याने एकदाही बोंब मारलेली नाही."

आत्याने पाहिलं. यूपीएसच्या छोट्या पडद्यावर खरंच काही नव्हतं. बाहेरची वीज एक क्षणही गेली नव्हती.

"चिमणीचा पडदा गोठला होता," ती म्हणाली. "त्या दिवशी या खोलीत कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

आत्या त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या कानांकडे पाहत होती.

"छोटू."

"वायरमन आला होता," तो पुटपुटला. "पण त्याचा काही संबंध नाही. यंत्र लगेच सुरू झालं. एकही चूक दाखवली नाही. मी स्वतः पाहिलं."

"कशानंतर सुरू झालं?"

छोटूने नुसतं पलीकडच्या इमारतीकडे बोट दाखवलं. पंखे घोंगावत राहिले.

४

वायरमन पलीकडच्या इमारतीत दिवे बसवत होता. शिडीवरून न उतरताच तो बोलला. त्याला लपवायचं काही नव्हतं.

"यंत्रामागचा बोर्ड करपला होता. त्यात एकच प्लग, यंत्राचा. तो काढल्याशिवाय बोर्ड बदलणार कसा? मी दारातून ओरडलो, साहेब, यंत्र बंद करून झालं का? ते आतून म्हणाले, झालं. मी मागच्या बाजूने जाऊन प्लग ओढला. बोर्ड बदलला, प्लग लावला. यात माझं काय चुकलं?"

म्हणजे यूपीएस निर्दोष होता. वीज त्याच्यापर्यंत येत होती, त्याच्यापासून पुढे मात्र वायर रिकामी झाली होती. चालत्या यंत्राच्या तोंडचा घास काढला गेला होता.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दोघांना समोरासमोर उभं केलं.

"मी झालं म्हटलंच नाही!" छोटूचा आवाज चढला, पण कान लाल नव्हते. "यंत्र चालू असताना मी कशाला झालं म्हणेन? मी तर बंद करायला नुकता बसलो होतो."

"अहो साहेब, माझ्या या कानांनी ऐकलं!"

"यांच्यातला एक खोटं बोलतोय," मोठ्या डॉक्टर दमून म्हणाल्या. "आणि तिकडे माझं बाळ वाट बघतंय."

"कोणीच खोटं बोलत नाही," आत्या म्हणाली. "चला यंत्रांच्या खोलीपाशी. छोटू, तू आत जा. पंखे चालू राहू देत. हे दारातून विचारतील. त्या दिवशी जे म्हणालास तेच, त्याच आवाजात म्हण."

छोटू गेला. वायरमन दारात उभा राहून ओरडला, "साहेब, झालं का?"

पंख्यांच्या घोंगाटातून उत्तर आलं, "झालं!"

"बघा!" वायरमन म्हणाला.

"पंखे बंद कर," आत्याने सांगितलं. खोली एकदम शांत झाली. "आता पुन्हा म्हण."

"झालंच," छोटू म्हणाला.

 मागे येऊन उभ्या राहिलेल्या चिमणीच्या तोंडून बारीकसं "अगं बाई" निघालं.

झालं म्हणजे काम संपलं. झालंच म्हणजे अजून संपलेलं नाही, जरा थांबा. आलो म्हणणारा माणूस दारात उभा असतो आणि आलोच म्हणणारा अजून घरी शर्ट शोधत असतो. आपण सगळे हे रोज बोलतो, रोज ऐकतो, आणि एका अक्षरावर सगळा अर्थ उलटा फिरतो हे कुणाला जाणवतही नाही. त्या दिवशी तो 'च' पंख्याने गिळला होता.

"चला, निदान कोडं सुटलं," भाऊसाहेब म्हणाले. खरेदीचे हे अधिकारी इतका वेळ दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

"अर्धंच," आत्या म्हणाली. "प्लग ओढला म्हणून डेटाबेस विसरत नाही. छोटूने खरंच सांगितलं, त्यासाठीच त्याचा जन्म आहे. हिरवी पट्टी दाखवली होती त्याने. मग तो खोटं का बोलला? की त्याच्याशीच कुणी खोटं बोललं?"

५

"डिस्क कुणी निवडल्या?"

"मी," छोटू म्हणाला.

"आणल्या कुणी?"

"मी," भाऊसाहेब म्हणाले. "बाई, आधीच सांगतो, त्यात काळंबेरं काही नाही. खिडकीपुढे रांग लागायची, बाळंतिणी ताटकळत उभ्या राहायच्या. याने सांगितलेलं मॉडेल बाजारात मिळेना, कधी येईल तेही कुणी सांगेना. दुकानदार म्हणाला, हे घ्या, तीच कंपनी, तेवढीच जागा, तोच वेग. मॉडेलच्या नावात शेवटी एक अक्षर कमी, बस. मला वाटलं, एका अक्षराने काय होतंय!"

चिमणीने आणि वायरमनने एकमेकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे आल्या तेव्हा त्या धातूच्या डबीत बसवून, झाकण लावून आल्या होत्या," छोटू हळूच म्हणाला. "मी उघडून पाहिलं नाही."

जादा म्हणून आणलेली एक डिस्क कपाटात होती. आत्याने बारीक स्क्रू काढून तिचं झाकण उघडलं आणि आतली सर्किटची हिरवी पाटी खिडकीच्या उजेडात धरली.

"तू मागवलेल्या डिस्कमध्ये इथे, या कडेला, काय असतं?"

छोटू बघतच राहिला. "पिवळे कपॅसिटर. ओळीने."

"ते काय असतात?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"शिदोरी," आत्या म्हणाली. "डिस्कला एखादी गोष्ट सांगितली की ती आधी नुसती लक्षात ठेवते आणि मग सावकाश उतरवून घेते. मध्येच वीज तुटली तर लक्षातलं सगळं पुसलं जातं. ते कपॅसिटर असले तर त्यांच्यात साठलेल्या विजेवर ती हातातलं लिखाण पुरं करते आणि मग बंद होते. या डिस्कमध्ये ती जागा रिकामी आहे. घरच्या कॉम्प्युटरसाठी काही वाईट नाही ही. तिथेही डेटाबेस सावध असतो. तो दरवेळी विचारतो, नुसतं ऐकलंस की खरंच उतरवलंस? आणि उत्तर येईपर्यंत थांबतो."

"मग इथे का नाही थांबला?"

छोटू भिंतीला टेकला. "कारण तो प्रश्न मी बंद केला होता," तो म्हणाला. "शिदोरीवाल्या डिस्कला तो विचारायची गरज नसते. प्रश्न काढला की कामाला वेग येतो. सगळेच तसं करतात. पण मी मागवलेल्या डिस्क आल्याच आहेत, असं मी धरून चाललो."

"दाखवूनच देऊ," आत्या म्हणाली.

टेबलावर एक सुटं यंत्र ठेवलं. त्यात ती जादा डिस्क, आणि छोटूनेच केली होती तशी मांडणी. आत्याने छोटासा प्रोग्रॅम लिहिला: एक आकडा डिस्कला सांगायचा, 'झालं' असं उत्तर आलं की तो तिच्या लॅपटॉपवर दाखवायचा, मग पुढचा आकडा. आकडे वाहत्या नळासारखे धावू लागले. आत्याने वायरमनकडे पाहून मान हलवली.

"आता मात्र माझ्यावर येऊ देऊ नका," असं म्हणून त्याने प्लग ओढला.

लॅपटॉपवर शेवटचा आकडा थिजला. यंत्र पुन्हा सुरू केलं आणि डिस्कला विचारलं, तुझ्याजवळ शेवटचा आकडा कोणता? तिने सांगितलेला आकडा बराच मागचा होता. चूक नाही, तक्रार नाही, लाल दिवा नाही. मधले सगळे आकडे तिने कधी ऐकलेच नव्हते जणू. त्यातल्या प्रत्येकाला ती 'झालं' म्हणाली होती.

"म्हणायचं होतं झालंच," चिमणी हळूच म्हणाली.

भाऊसाहेब हाताची घडी सोडून तिच्याकडे वळले. "पोरी, मी उगाच तुझ्यावर..."  चिमणीनेच मान हलवून त्यांची सुटका केली.

मोठ्या डॉक्टर मात्र उठून खिडकीशी गेल्या होत्या. "म्हणजे ते नाव कुठे दडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते लिहिलंच गेलं नाही. शोधायला काही उरलंच नाही, आत्या."

६

 पाटीवरच्या रिकाम्या जागेवरून आत्या बोट फिरवत होती.

"मी एवढा खटाटोप कुणाला दोष द्यायला केला नाही," ती म्हणाली. "कोण खोटं बोललं ते कळलं, की कोण खरं बोलत होतं तेही कळतं. त्या आईचं नाव बटण दाबल्यावर कुठे कुठे गेलं? एक डेटाबेसकडे. आणखी कुठे?"

छोटू आठवत होता. चिमणीने त्याच्या आधी तोंड उघडलं.

"भोंग्याकडे!"

"आणि भोंगा कुठल्या डिस्कवर आहे?"

"जुन्या," छोटू म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "जुन्याच ड्रायव्हरवर. तिथे मी तो प्रश्न बंद करूच शकलो नाही, त्या ड्रायव्हरमध्ये तशी सोयच नाही. तो प्रत्येक वेळी विचारतो आणि प्रत्येक वेळी थांबतो. म्हणून तर तो इतका..."

"संथ आहे," आत्याने वाक्य पुरं केलं. "नाव आलं की तो नेमकं काय करतो?"

"आवाजाची एक फाइल बनवतो. डिस्कवर ठेवतो. मग वाजवतो."

"आणि मग पुसतो?"

 चिमणी छोटूसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "छोटूदादा, मी तुम्हाला सांगितलं होतं. त्या भोंग्याची डिस्क साफ करा, म्हणजे तरी जरा पळेल. तुम्ही काय म्हणाला होता?"

छोटूचे कान लालबुंद झाले.

"करतोच म्हणालो होतो," तो म्हणाला.

हसू पहिल्यांदा फुटलं ते मोठ्या डॉक्टरांना. मग वायरमन हसला, मग भाऊसाहेब, आणि मग ज्याच्यावर सगळे हसत होते तो स्वतः. हसता हसताच तो खुर्चीवर आदळला आणि भोंग्याच्या डिस्कवरच्या फाइली उघडू लागला. त्या वेळेच्या क्रमाने पडलेल्या होत्या, शेकड्यांनी. पडदा गोठण्याच्या आधीच्या फाइलींपाशी तो थांबला.

"सगळ्यात शेवटची अर्धवट आहे," तो म्हणाला. "प्लग निघाला तेव्हा ती लिहीत होता. तीच असली तर..."

"लाव," मोठ्या डॉक्टर म्हणाल्या.

यंत्राचा रडका आवाज खोलीभर पसरला. नंबर, नाव, प्रसूतिगृह. हा नाही. पुढचा. नंबर, नाव, प्रसूतिगृह. हाही नाही. चिमणीने आजारी कुपी हातात धरली होती आणि प्रत्येक नंबर स्टिकरशी ताडून पाहत होती. तिचे ओठ हलत होते. पुढचा. आणि मग ती कुपीसकट ताडकन उठली.

"हाच!"

पुन्हा लावला. तोच नंबर, आणि त्याच्यापाठोपाठ एका बाईचं नाव, तुटक, एकेक अक्षर सुटं करून उच्चारलेलं, आणि एका प्रसूतिगृहाचं. रोज ज्या आवाजाला सगळे कंटाळत, तो आवाज त्यांनी तीनदा ऐकला. अर्धवट फाइल दुसऱ्याच कुणाची होती, आणि तिच्यातसुद्धा नाव पुरतं आलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी प्रसूतिगृहाला फोन लावला. तिथल्या परिचारिकेने नाव ऐकलं मात्र, ती लगेच म्हणाली, "माझ्या घराच्या मागच्याच गल्लीत राहते ती. थांबा, मीच जाऊन घेऊन येते."

७

आई वयाने लहान होती, आणि घाबरल्यामुळे आणखी लहान दिसत होती. तिच्याबरोबर तिची मोठी जाऊ आली होती, ती सगळ्यांवर डोळे रोखून पाहत होती. बाळ दुपट्यात गाढ झोपलं होतं. पुन्हा रक्त घेताना सुई टोचली तेव्हा त्याने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

"काही बिनसलंय असं कसं म्हणता?" जाऊ म्हणाली. "इतकी गुणी पोर! माझ्या दोघांनी घर डोक्यावर घेतलं होतं. ही एक शब्द काढत नाही. दूध प्यायलासुद्धा उठवावं लागतं."

"मला सगळ्या म्हणतात, तू नशीबवान," आई म्हणाली. मग तिने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. "शांत आहे, ते चांगलं नाही का?"

मोठ्या डॉक्टर खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसल्या. "ती शांत नाही, थकलेली आहे. तिच्या शरीरात एक गोष्ट बनत नाही, ती आपण बाहेरून द्यायची. ही एवढीशी गोळी. चमच्यात तुमच्याच दुधाच्या चार थेंबांत कुस्करायची, रोज."

"किती दिवस?"

"रोजच. तुम्ही रोज केस विंचरता तसं. आपण वेळेत आलोय. शाळेत जाईल, झाडावर चढेल, तुम्हाला उलट उत्तरं देईल."

आईने चमचा हातात घेतला. जावेने तिचं मनगट धरलं. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, जीभ बाहेर काढली आणि शेवटी गिळलं.

काचेच्या पलीकडे उभा राहून छोटू पाहत होता. आत्या त्याच्याशेजारी आली.

"आजच तो प्रश्न पुन्हा चालू केला," तो म्हणाला. "रांग जरा लांबेल. भाऊसाहेबांनी नव्या डिस्क मागवल्यात, आल्या की मी झाकण उघडून पाहीन. आणि प्लग काढण्याआधी दोघांनी यंत्राचा दिवा डोळ्यांनी पाहायचा, असं मी आणि वायरमनने ठरवलंय. आत्या, ती सापडली नसती तर?"

"तो प्रश्न बाळगून ठेव," आत्या म्हणाली. "पण त्याला रात्री उशाशी घेऊन झोपू नकोस. जेवायला येणार आहेस का घरी?"

मध्ये काही आठवडे गेले. एका सकाळी आत्या जुन्या डिस्कचं काय करायचं ते सांगायला प्रयोगशाळेत आली होती, तेव्हा मोठ्या डॉक्टरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, भुवया उंचावल्या आणि फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"...डॉक्टर, काही तरी सांगा!" त्या लहानखुऱ्या आईचा आवाज होता, आणि त्यामागे कुणीतरी जीव तोडून, गळा फाडून, भिंती हलतील असं रडत होतं. "चार रात्री डोळ्याला डोळा नाही! पाळण्यात ठेवलं की आरडाओरडा, दूध जरा उशिरा दिलं की आरडाओरडा! घरातले सगळे वैतागलेत. हे असं चालायचंच का?"

चिमणी खिडकीवरून धावत आली. भाऊसाहेब दारात आले. छोटू डोकं चौकटीला आपटून घेत आत शिरला.  सगळे त्या टेबलावरच्या फोनभोवती उभे राहून ते रडणं ऐकत होते, एखादं गाणं ऐकावं तसे, आणि मोठ्या डॉक्टर डोळे पुसत त्या आईला म्हणत होत्या, "हो बाई, चालायचंच. फोन जरा तिच्या जवळ न्या बघू. अजून जवळ."